ऊस काट्यावर, इंजिन मात्र अंदाजावर

बैल घ्यायला नेकनूरच्या बाजारात गेलेला माणूस विकणाऱ्याच्या तोंडावर भिस्त ठेवत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, वशिंडावरून हात फिरवतो, चार पावले चालवून पाहतो. एवढ्यावरही मन भरले नाही तर बैल गाडीला जुंपतो, गाडीची चाके दोराने बांधतो आणि म्हणतो, आता ओढून दाखव. चाके फिरत नाहीत, गाडी फरफटत जाते, आणि बैलाच्या अंगात किती दम आहे ते चार माणसांसमोर दिसते. विकणारा मग कितीही बोलो.

ऊस कारखान्यावर गेला की काट्यावर चढतो. कापूस काट्यावर, सोयाबीन काट्यावर. काट्यात पाच किलोची तफावत आली तर आपण अख्खे आवार डोक्यावर घेतो, आणि घ्यावेच. पण तोच ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या इंजिनावर आपण हजारो रुपये घालतो, आणि काम नीट झाले की नाही हे कशावरून ठरवतो? आवाजावरून. मिस्त्री ॲक्सिलेटर दाबतो, इंजिन गरजते, धुराचा लोट उठतो, आणि मालक खिशात हात घालतो.

बंधू-भगिनींनो, आज मला याच गोष्टीविषयी तुमच्याशी बोलायचे आहे. इंजिनाची ताकदही काट्यावर तोलता येते. त्याची रीत जुनी आहे, हिशेब शाळेतल्या मुलाला जमेल असा आहे, आणि त्यातला थोडा भाग तुम्हाला आपल्या विहिरीवर, आपल्या वावरात स्वतः करता येतो.

कान का फसतो

दसरा जवळ आला की बीड जिल्ह्यातल्या गॅरेजांपुढे ट्रॅक्टरांची रांग लागते. टोळीला उचल दिलेली असते, ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर असतो, पुढचे चार-पाच महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात काढायचे असतात. मागे दोन ट्रॉल्या, त्यात खचाखच ऊस. मधे गाडी बसली तर टोळीही बसते. म्हणून जाण्याआधी इंजिनाचे काम करून घ्यायचे. कोणी लायनर-पिस्टन बदलतो, कोणी हेड उतरवून वॉल्व्ह घासून घेतो, कोणी नोझल बदलतो. आणि पुष्कळजण म्हणतात, ‘पंप थोडा वाढवून द्या.’ पंपाचा स्क्रू फिरवला की दर ठोक्याला डिझेल जास्त जाते. अलीकडे तर जुन्या इंजिनावर टर्बो चढवणारेही भेटतात.

आता तीन मिस्त्र्यांनी तीन तऱ्हेने बांधलेली तीन इंजिने घ्या. कोणते चांगले? पारावर विचाराल तर प्रत्येक मालक आपलेच सांगेल. एक म्हणेल, माझी गाडी धारूरचा घाट तिसऱ्या गिअरवर चढली. खरे असेल. पण त्या दिवशी ट्रॉलीत किती टन होते? ऊस ओला होता की वाळलेला? टायर नवे की गुळगुळीत, हवा किती? घाट पहाटेच्या गारव्यात चढला की दुपारच्या उन्हात? वाटेत समोरून एसटी आल्यामुळे थांबावे लागले का? यातली एकही गोष्ट बदलली तरी गिअर बदलतो, आणि श्रेय किंवा शिवी मात्र इंजिनाला.

आवाज तर सगळ्यांत मोठा फसवा. सायलेन्सर थोडा मोकळा केला की इंजिन वाघासारखे वाटते, ताकद रतिभर वाढलेली नसते. काळा धूर पाहून पुष्कळांना वाटते की गाडीत जोर आला. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. तुमचे पैसे वर चाललेले असतात. आणि स्क्रू वाढवलेल्या इंजिनाला रिकाम्या रस्त्यावर खरोखरच उठाव येतो, म्हणून मालक खूश होतो. ओझ्याखाली तासभर चालल्यावर काय होते ते तेव्हा कळत नाही. फेब्रुवारीत, घरापासून अडीचशे किलोमीटरवर कळते.

दांडी, तराजू आणि ७१६

इंजिनाच्या या काट्याचे नाव डायनामोमीटर. शर्यतीच्या गाड्यांचे शौकीन नुसते ‘डायनो’ म्हणतात. नाव अवघड असले तरी कल्पना बांधलेल्या चाकांच्या गाडीचीच आहे. फ्रान्समधल्या प्रोनी नावाच्या अभियंत्याने १८२१ साली त्याची सोपी युक्ती काढली. इंजिनाच्या फिरत्या चाकाला दोन बाजूंनी लाकडाचे ठोकळे आवळायचे. चाक त्या ठोकळ्यांना आपल्याबरोबर गरगर फिरवू पाहते. पण ठोकळ्यांना एक लांब दांडी जोडलेली असते आणि दांडीचे टोक तराजूवर टेकलेले असते, म्हणून ते फिरत नाहीत. फिरवण्याचा सगळा जोर तराजूवर उतरतो. तराजूवर किती किलो आले, दांडी किती लांब आणि चाक मिनिटाला किती फेरे घेते, या तीन आकड्यांत इंजिनाची ताकद सापडते.

उदाहरण करू. दांडी एक मीटरची. इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेत आहे. तराजूचा काटा २ किलो ४०० ग्रॅमवर आहे. २.४ ला १,५०० ने गुणा, ३,६०० आले. त्याला ७१६ ने भागा. उत्तर जवळपास ५. म्हणजे हे इंजिन ५ अश्वशक्ती देत आहे. अडीच किलोसुद्धा नाही, भाजीवाल्याच्या तराजूवर मावेल एवढे वजन, पण पाटीवर लिहिलेली ५ अश्वशक्ती खरी की खोटी ते त्यातून निघते.

हा ७१६ कुठून आला, असे घरातली शाळकरी पोर विचारील. तिला सांगा, ७५ लिटर पाणी एका सेकंदात एक मीटर वर उचलायला लागते ती एक अश्वशक्ती. त्यावरून, फेऱ्यांचा हिशेब धरून, ७१६ येतो. आपली बरी बैलजोडी दिवसभराच्या कामात साधारण एका अश्वशक्तीच्या आसपासच असते. म्हणजे विहिरीवरच्या लहानशा इंजिनात पाच जोड्या उभ्या आहेत, असल्या तर!

पुढे ठोकळ्यांऐवजी पाणी आले, मग विजेच्या जोरावर चालणारे ब्रेक आले. मोटारींसाठी रुळांवर चाके फिरवून मोजणारी यंत्रे आहेत. ट्रॅक्टरला तर फार सोय आहे. मागच्या पीटीओ दांड्याला डायनामोमीटर जोडला की इंजिन न उतरवता माप मिळते. पुण्याला १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था मोटारींची अशी तपासणी करते. आष्टी तालुक्याच्या शेजारी अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, लष्करी वाहनांसाठी व्हीआरडीई आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून तर ५ अश्वशक्तीचे, आपल्या विहिरीवर असते तसलेच इंजिन आणि त्याच्या चाकावर दोराचा ब्रेक असतो. तुमचा मुलगा किंवा मुलगी अंबाजोगाईला, बीडला किंवा संभाजीनगरला हे शिकत असेल तर सुटीत आल्यावर विचारा; दोराचा ब्रेक कसा चालतो ते कागदावर काढून दाखवील. मात्र घरी कोणी फिरत्या चाकाला दोर गुंडाळून प्रयोग करू नये. बोट जायला क्षण लागत नाही.

एका आकड्यावर भुलू नका

डायनोवर नुसती अश्वशक्ती पाहून आलात तर निम्मेच पाहिले. दोन गोष्टी आणखी विचारा.

पहिली, कमी फेऱ्यांवर जोर किती राहतो? घाटात ओझे वाढले की फेरे उतरतात. समजा दोन इंजिने २,००० फेऱ्यांवर सारखीच ४५ अश्वशक्ती देतात. पारावर दोन्ही बरोबरीची. पण फेरे १,४०० वर आले तेव्हा पहिल्याच्या एक मीटरच्या दांडीवर १९ किलो आहेत आणि दुसऱ्याच्या साडेसोळा. वरचाच हिशेब करा: पहिले ३७ अश्वशक्ती देते, दुसरे ३२. घाटात पहिले टिकून ओढील, दुसऱ्याला गिअर उतरवावा लागेल. सपाटीवर दोघांत फरक कोणालाच दिसला नसता.

दुसरी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे एका अश्वशक्तीला तासाला किती ग्रॅम डिझेल लागले. समजा पंप वाढवण्याआधी पीटीओवर ४२ अश्वशक्ती होती आणि दर अश्वशक्तीला तासाला १९० ग्रॅम लागत होते. तासाला साडेनऊ लिटर झाले. स्क्रू फिरवल्यावर ४५ अश्वशक्ती आली, पण आता दर अश्वशक्तीला २२५ ग्रॅम. तासाला बारा लिटर. तीन अश्वशक्तीसाठी तासाला अडीच लिटर जादा. रोज चार तास पूर्ण ओढ धरली तर दहा लिटर. लिटरला नव्वद रुपये धरले तरी रोजचे नऊशे. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, तुमच्या ट्रॅक्टरचे वेगळे येतील. पण घरात डिझेलची वही जी ठेवते तिने हा हिशेब एकदा आपल्या आकड्यांनी करून पाहावा. मग पंप वाढवायचा की नाही हे ठरवायला मिस्त्रीची गरज उरणार नाही.

इथे एक खुलासा करतो. ‘पंप कॅलिब्रेट करून आणला’ म्हणजे डायनोवर तपासला असे नव्हे. कॅलिब्रेशनच्या बाकावर पंप एकटाच फिरवतात आणि प्रत्येक नळीतून सारखे डिझेल येते का ते पाहतात. काम जरुरीचे आहे. पण ते डिझेल इंजिनात जाऊन किती ताकद झाली, हे तो बाक सांगत नाही.

नेब्रास्काच्या शेतकऱ्याने कायदाच करून घेतला

ही फसगत आपल्याच नशिबी आहे असे समजू नका. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत नेब्रास्का नावाच्या शेतीप्रधान राज्यात विल्मोट क्रोझर नावाचा एक शेतकरी होता. त्याने ‘फोर्ड’ नावाचा ट्रॅक्टर घेतला. हा मोटारवाल्या हेन्री फोर्डचा नव्हता. मिनियापोलिसच्या एका कंपनीने फोर्ड आडनावाचा एक माणूस हाताशी धरून ते नाव लावले होते. ट्रॅक्टर जाहिरातीच्या जवळपासही उतरला नाही. बदलून मिळालेलाही तसलाच. पुढे दुसऱ्या एका कंपनीचा घेतला, तोही निराशाच. शेवटी रुमेली कंपनीच्या ट्रॅक्टरने बोलल्याप्रमाणे काम केले, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की चांगले यंत्र होऊ शकते. शेतकऱ्याला आधी कळायला मार्ग नाही एवढेच.

क्रोझर राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला, आणि १९१९ साली तिथे कायदा झाला: राज्यात ट्रॅक्टर विकायचा असेल तर त्या नमुन्याचा एक ट्रॅक्टर आधी विद्यापीठात तपासून घ्या. १९२० साली लिंकन शहरातल्या विद्यापीठात पहिली चाचणी ‘वॉटर्लू बॉय’ या ट्रॅक्टरची झाली. सर्वांना एकच जागा, एकच माप आणि एकच नियम. कंपनीचा माणूस काय म्हणतो त्याला किंमत उरली नाही. तक्त्यात काय आले ते पाहायचे. आज ती प्रयोगशाळा चालूच आहे.

आपल्या देशात हे काम मध्य प्रदेशात, नर्मदेच्या काठी बुदनी इथे होते. १९५५ साली ट्रॅक्टरच्या प्रशिक्षणासाठी सुरू झालेले हे केंद्र पुढे ट्रॅक्टर तपासणीची देशातली मुख्य संस्था बनले. ट्रॅक्टर पीटीओवर किती ताकद देतो, दांड्याने किती ओढतो, डिझेल किती खातो, हायड्रॉलिक किती उचलते, हे सगळे अहवालात लिहिलेले असते. नवा ट्रॅक्टर घ्यायला जाल तेव्हा रंगीत पत्रकाबरोबर बुदनीचा अहवाल मागा. विक्रेत्याचा चेहरा पाहण्यासारखा होईल, पण मागा. त्यात पीटीओची ताकद आणि पूर्ण ओढीवरचे डिझेल ही दोन घरे आधी वाचा. पाटीवर ५० लिहिलेल्या ट्रॅक्टरला पीटीओवर ४२-४५ आले तर ती लबाडी समजू नका. मधल्या दातेरी चाकांत थोडी ताकद खर्च होतेच.

बुदनीचा अहवाल नव्या ट्रॅक्टरचा असतो. मिस्त्रीने बांधलेल्या जुन्या इंजिनाचा अहवाल कोणी काढत नाही. तिथे क्रोझरचे काम आपल्यालाच करायचे आहे.

तुलना करायची तर अशी

डायनो मिळाला तरी तुलना नियमाने करावी लागते, नाहीतर काट्यावरही फसगत होते. एक ट्रॅक्टर एका ठिकाणच्या यंत्रावर आणि दुसरा दुसऱ्या ठिकाणच्या यंत्रावर मोजला तर ते आकडे शेजारी ठेवू नयेत. दोन काटे कधी अगदी सारखे नसतात. एकच यंत्र, होईल तर एकच दिवस, एकाच टाकीतले डिझेल, आणि इंजिन आधी चांगले तापलेले. प्रत्येक माप तीनदा घ्यावे. तीन वेळांत आपसातच एक-दोन टक्के फरक पडतो, तेव्हा दोन इंजिनांतला तेवढाच फरक हा फरक म्हणू नये. कोणी तुम्हाला ‘अर्धी अश्वशक्ती वाढली’ म्हणाला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

हवेचेही पाहावे लागते. उंचीवर हवा विरळ होते, आणि दर शंभर मीटरला साधारण एक टक्का ताकद कमी होते. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर आहे. बालाघाटच्या माथ्यावरचा पाटोदा आणि खालची गंगथडी यांतही फरक आहे. मे महिन्याच्या दुपारी मोजलेले इंजिन डिसेंबरच्या सकाळी मोजलेल्यापुढे दुबळे दिसेल, ते हवेमुळे. प्रयोगशाळेत हा फरक हिशेबाने काढून टाकतात. आपण एकाच दिवशी, एकाच जागी मोजले की भागते.

आणि एका वेळी एकच बदल. नोझल, पिस्टन, पंप सगळे एकदम बदलून ताकद वाढली तर कशाने वाढली? नुकसान कशाने झाले? कळतच नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सगळ्याचे पैसे जातात. काम करण्याआधीचे माप नसेल तर नंतरच्या मापाला अर्थ नाही, हे तर आधी सांगायला हवे होते.

डायनो काय सांगत नाही हेही सांगतो. ते इंजिन किती वर्षे टिकेल हे सांगत नाही. दहा मिनिटे भरपूर ताकद देणारे वाढीव इंजिन पिस्टन वितळवून बसू शकते. म्हणून तासभर पूर्ण ओढीवर चालवून पाण्याची, तेलाची आणि धुराची गरमी पाहणारी चाचणी खरी. दोन मिनिटांच्या चाचणीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

वावरातली आणि विहिरीवरची कसोटी

प्रत्येक तालुक्यात डायनो नाही, हे मला ठाऊक आहे. पण वावर आहे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून टाकी काठोकाठ भरा. एकाच वावरात, एकाच नांगराने, एकाच खोलीवर, ठरलेल्या गिअरवर एक एकर नांगरा. घड्याळ लावा. पुन्हा त्याच जागी उभा करून मापाच्या भांड्याने टाकी काठोकाठ भरा. जितके डिझेल बसले तितके लागले. हे काम गॅरेजला जाण्याआधी एकदा आणि आल्यावर शेजारच्या एकरात, तेवढ्याच ओलीवर एकदा. मधे पाऊस पडला असेल तर तुलना सोडून द्या.

विहिरीवरच्या इंजिनाला तर पाणीच काटा आहे. दोनशे लिटरचे बॅरल पाइपाच्या तोंडाखाली ठेवायचे आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. पाण्याच्या पातळीपासून पाइपाच्या तोंडापर्यंतची उंची दोरीने मोजायची. सेकंदाला किती लिटर आले त्याला उंचीच्या मीटरने गुणा, ७५ ने भागा. पाण्याला मिळालेली अश्वशक्ती निघते. ती इंजिनाच्या ताकदीच्या पुष्कळ कमी येईल, घाबरू नका. पंप आणि पाइप बराच वाटा खातात. त्याच वेळी टाकीऐवजी लिटरभराच्या बाटलीतून डिझेल देऊन ते किती मिनिटे पुरते तेही लिहा. चांगले ५ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण ओढीवर लिटरभरात सुमारे पन्नास मिनिटे चालावे.

आमच्या विहिरीवर वडिलांनी एकदा पाणी कमी येते म्हणून इंजिनाचे काम करून घेतले. नवा लायनर, नवा पिस्टन, नव्या रिंगा. आवाज असा गोड झाला की वडील बांधावर उभे राहून ऐकत बसत. आईला मात्र पटेना. इंजिन गॅरेजला नेण्याआधी तिने माझ्याकडून बॅरल भरवून सेकंद मोजून घेतले होते आणि इंजिनघराच्या भिंतीवर कोळशाने २६ लिहून ठेवले होते. काम झाल्यावर पुन्हा बॅरल लावले. पुन्हा २६. डिझेलही तेवढेच. उंची बारा मीटर होती. हिशेब केला तर पाण्याला सव्वा अश्वशक्तीसुद्धा पुरती मिळत नव्हती. वडील मिस्त्रीवर चिडले. तो बिचारा म्हणाला, इंजिनात दोष असता तर फरक पडला असता, खाली पाहा.

खाली उतरून फूट व्हॉल्व्ह वर काढला. जाळी गाळाने निम्मी बुजलेली, व्हॉल्व्हचे तोंडही पाइपाच्या मानाने लहान. मोठ्या तोंडाचा नवा बसवला. त्याला इंजिनाच्या खर्चाचा विसावा हिस्साही लागला नाही. तिसऱ्यांदा बॅरल भरले, आईने आकडे मोजले, आणि २६ च्या खाली कोळशाने १९ लिहिले.

वडिलांनी भिंतीला पुढे दोनदा चुना दिला, पण तेवढी जागा सोडून.